बदनामी अर्जाने होते की तारखांनी?

परदेशात राजकीय आश्रय मागणाऱ्या भारतीयाबद्दल आपल्याकडे साधारण दोन मतं असतात. एक, तो देशाची बदनामी करतोय. दोन, तो हुशार निघाला, कागद रंगवले आणि तिकडे चिकटला. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर ही दोन्ही मतं एकाच माणसाकडून ऐकायला मिळतात. पहिलं पेपरातल्या अनोळखी माणसाबद्दल असतं, दुसरं स्वतःच्या भाच्याबद्दल.

मला दोन्ही मतं पटत नाहीत. नोकरीत राजकीय कारणावरून छळ झाला म्हणून कुणी परदेशात आश्रय मागतो, तेव्हा तिथे त्याच्याइतकीच आपलीही झडती होते, हे आपण लक्षात घेत नाही. तिथला अधिकारी विचारतो, तुमच्या देशात दाद मागितलीत का? मागितली असेल तर पुढे काय झालं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्जदार देतो. दुसऱ्याचं उत्तर आपण आधीच देऊन ठेवलेलं असतं. ते कामगार न्यायालयात पडत राहिलेल्या तारखांमध्ये असतं, आणि दिल्लीत मंजूर होऊनही लागू न झालेल्या कायद्यात असतं.

नोकरीतला राजकीय छळ म्हटलं की लोकांना सरकारी कर्मचारी आठवतो. गैरसोयीच्या गावी बदली, रोखलेली वेतनवाढ, वर्षं लोटली तरी न संपणारी विभागीय चौकशी. ते आहेच. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्यांना आणखी एक प्रकार ओळखीचा आहे. कारखान्याच्या गेटवर युनियनचा बोर्ड असतो आणि तो कुणाचा, यावर आतल्या माणसांचं बरंच काही ठरतं. बोर्ड एखाद्या पक्षाच्या युनियनचा असेल आणि चार कामगारांनी दुसरा झेंडा आणायचं ठरवलं, तर मालकाच्या आधी युनियनचीच माणसं घरी येऊन जातात. मग ठेकेदार यादीतून नावं गाळतो, कायम कामगाराला चार्जशीट मिळते, एखाद्याला गेटबंद करतात. पोलीस चौकीत गेलं तर आपसातला वाद म्हणून वाटेला लावतात. मालक, पक्ष आणि पोलीस यांपैकी नेमकं कोण छळतंय हे वेगळं काढता येत नाही. आश्रयाच्या कायद्यात पहिली अडचण इथेच येते. छळणारा एक तर सरकार असावा लागतो, नाहीतर ज्याला सरकार आवरू शकत नाही किंवा आवरू इच्छित नाही असा कुणी.

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत बोर्डही नाही आणि युनियनही नाही. तिथे एखाद्या पोस्टचा स्क्रीनशॉट एचआरकडे जातो. कंपनीला टॅग करून अनोळखी लोक लिहायला लागतात, याला काढा. आठवडाभरात ज्याचं रेटिंग कालपर्यंत चांगलं होतं त्याचा परफॉर्मन्स घसरतो, पीआयपी, म्हणजे ‘कामगिरी सुधारा नाहीतर जा’ अशी मुदतीची नोटीस, सुरू होतो, आणि शेवटी तुम्हीच राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर व्यवस्थित देऊ, असा सौदा होतो. कागदावर राजकारणाचा एक शब्द सापडत नाही.

प्रत्येक तक्रारीला छळ म्हणावं असं मात्र मला वाटत नाही. एखाद्या समाजाला शिव्या घालणारी पोस्ट टाकली आणि कंपनीने घरी पाठवलं, तर त्या माणसाची मला फारशी कणव येत नाही. त्या समाजातल्या सहकाऱ्याला उद्या त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून काम करायचं असतं. पण सरकारच्या धोरणावर टीका केली, मोर्चात चालला, निवडणुकीत भलत्या उमेदवाराचा प्रचार केला किंवा टेंडरमधली लबाडी वर कळवली, म्हणून पोटावर पाय येत असेल तर तो छळच आहे. आणि त्याला इथे इलाज काय, हा माझा प्रश्न आहे.

आधी परदेशातला कायदा काय बघतो ते पाहू. १९५१ चा निर्वासितांचा करार आणि १९६७ चा त्याचा प्रोटोकॉल हा या सगळ्याचा पाया. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्यावरून छळाची साधार भीती असली पाहिजे. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण त्यामुळे भारतीय माणसाला सही केलेल्या देशात अर्ज करायला आडकाठी येत नाही. नुसती नोकरी जाणं हे मात्र छळ ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने १९७९ साली काढलेली मार्गदर्शिका सांगते की भेदभावामुळे पोट भरण्याच्या हक्कावरच गंभीर बंधनं येत असतील तर तो छळ होऊ शकतो. म्हणजे एका कंपनीने काढलं, एवढ्यावर भागत नाही. कुठेच काम मिळू नये अशी तजवीज झाली आहे, हे दाखवावं लागतं.

याचा सगळ्यात बोलका खटला एका टॅक्सीवाल्याचा आहे. एल साल्वादोरच्या राजधानीत टॅक्सीचालकांची एक सहकारी संस्था होती आणि हा तिचा सभासद. सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी शहराची वाहतूक बंद पाडायचं फर्मान काढलं. संस्थेच्या चालकांनी गाड्या बंद ठेवल्या नाहीत, तेव्हा धमक्या आल्या, काही चालक मारले गेले, यालाही मारहाण झाली. तो अमेरिकेत पोचला, आश्रय मागितला, आणि १९८५ साली तिथल्या स्थलांतर अपील मंडळापुढे हरला. मंडळाचं म्हणणं असं पडलं की टॅक्सीचालक असणं ही काही न बदलता येणारी गोष्ट नाही. त्याला धंदा बदलता आला असता, नाहीतर बंद पाळता आला असता. गंमत म्हणजे याच निकालाने सामाजिक गट ठरवायची जी कसोटी घालून दिली, तिचा आधार पुढे कितीतरी खऱ्या पीडितांना मिळाला. टॅक्सीवाल्याला स्वतःला मात्र उत्तर मिळालं ते एवढंच, काम बदल.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव सोडून कळवा-डोंबिवलीला आलेल्या घरांना या उत्तराची किंमत सांगायला नको. गिरणीत माग चालवणारा साचेवाला पन्नाशीला वॉचमन झाला, म्हणजे त्याने धंदा बदललाच की! शिवाय १९८५ च्या जगात नोकरी बदलली की माणूस थोडाफार नजरेआड होत असे. आज तसं होत नाही. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत माणसाच्या मागे जातो. आयटीवाल्यांसाठी नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेची कर्मचाऱ्यांची वेगळी नोंदवही २००६ पासूनच आहे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी जुन्या एचआरला फोन लावते आणि तिकडून ‘नो कॉमेंट्स’ एवढं आलं तरी काम झालेलं असतं. हा सगळा खटाटोप खोटे अनुभव-दाखले पकडण्यासाठी उभा राहिला, त्याचा उपयोगही आहे. पण एखाद्याला गुपचूप वाळीत टाकायचं असेल तर हत्यार तयारच आहे. काम बदल म्हणणाऱ्या परदेशी न्यायाधीशापुढे ही यंत्रणा समजावून सांगणारा वकील मला तरी महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या बाजूचेही निकाल आहेत. फिलिपिन्समधल्या एका कस्टम अधिकाऱ्याने स्वतःच्याच खात्यातल्या भ्रष्ट वरिष्ठांच्या भानगडी उघड केल्या आणि त्याचा सूड त्याच्यावर उगवला गेला. २००० साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने म्हटलं की सरकारी भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणणं ही राजकीय कृती असू शकते, आणि त्याचा अर्ज पुन्हा तपासायला पाठवला. त्याच वर्षी कॅनडातही युक्रेनच्या एका व्यावसायिकाच्या बाबतीत जवळपास तसंच ठरलं. लाचखोर अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार करणं हे राजकीय मतच, भले तक्रारदार कुठल्या पक्षात नसेना का. आपल्याकडच्या एखाद्या महापालिकेतल्या कनिष्ठ अभियंत्याला हे ऐकून आश्चर्य वाटेल. तो स्वतःला राजकीय समजतच नसतो. तो म्हणतो, मी फक्त बिलावर सही केली नाही.

भारतीयांचे अर्ज बहुतेकदा अडतात ते वेगळ्या खडकावर. देशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल तर परदेशात आश्रय नाही, असा नियम आहे. कॅनडातल्या न्यायाधिकरणांनी पंजाबातून आलेल्या कित्येक अर्जदारांना या नियमाखाली सांगितलंय की तुम्ही दिल्लीला जा, नाहीतर मुंबईला. लुधियानाकडच्या माणसाची लपायची जागा म्हणजे आपली मुंबई! मग ठाण्याच्या माणसाला ते काय सांगणार? बंगळुरूला जा. नाही म्हटलं तरी नियमात तथ्य आहे. गल्लीतल्या नगरसेवकाचा हात बंगळुरूपर्यंत पोचत नाही, आणि ज्याचं भांडण गल्लीपुरतं आहे त्याने टोरांटो गाठायचं कारण नाही. माझी तक्रार त्या नियमाबद्दल नाहीच. ठाण्यातल्या माणसाने ठाण्यात राहण्यासाठी काय करायचं, हे विचारायचं राहूनच जातं.

आणखी एक नियम आहे, आणि तो आपल्याला सर्वात जास्त लागू पडतो. १९९३ पासून कॅनडाचा कायदा असं धरून चालतो की कुठलंही राज्य आपल्या नागरिकाला संरक्षण देतंच. देत नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचं. तिथल्या न्यायालयांनी पुढे असंही म्हटलं की देश जितका लोकशाहीवादी, तितका घरची दारं ठोठावल्याचा पुरावा भक्कम हवा. भारताबद्दल बाहेर आजही बरं मत आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताला सुरक्षित देशांच्या यादीत घालायचं ठरवलं. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये जी यादी सुचवली तिच्यातही भारताचं नाव आहे. आपण यावर खूष व्हावं, हरकत नाही. मात्र त्यामुळे ज्याचा अर्ज खरा आहे त्याच्यावरचं ओझं दुप्पट झालं, आणि आपली दारं खरोखर उघडतात की नाही हे तपासायची जबाबदारी आपल्यावर आली.

तर दारं बघू. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा स्वतःचा कायदा केला, तो त्या काळी देशात उठून दिसणारा होता. छळवणूक म्हणून कामावरून काढणं ही त्यात अनुचित प्रथा ठरली, आणि तक्रारीला ९० दिवसांची मुदत ठेवली गेली. मुदत कामगाराला आहे. निकालाची मुदत कुणी पाळताना दिसत नाही. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मा आणि पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो, पण ज्याला थेट काढलंय त्याला काहीच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात ‘साहेब रजेवर आहेत’ हे ऐकून परतलेला माणूस तीन-चार वर्षांनी तडजोडीला तयार होतो. दुसऱ्या बाजूचा वकील त्याचीच वाट बघत असतो. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांत दोन सदस्यांची न्यायाधिकरणं आहेत. एका साहेबाऐवजी दोघे रजेवर असणार नाहीत एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ झालं.

टीम लीड, मॅनेजर यांना हे दारही नाही. व्यवस्थापकीय काम करणारा कायद्याने कामगार नसतो. त्याने दिवाणी दावा लावायचा आणि फार तर नुकसानभरपाई मागायची. घटनेतलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सरकारपासून वाचवतं, खाजगी मालकापासून नाही. राजकीय मतावरून खाजगी नोकरीत भेदभाव करू नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. आणि तो नाही, याला आपण शब्द न दिल्याची सबब नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध आहे, त्यात राजकीय मताचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि भारताने तो १९६० सालीच मान्य केलाय. (संघटना बांधण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार मात्र अजून मान्य केलेले नाहीत, आणि ते कुणाच्या जाहीरनाम्यातही ठळकपणे दिसत नाहीत.)

सत्येंद्र दुबे या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या अभियंत्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून भ्रष्टाचार कळवला होता, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली होती. नाव गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. आपल्या मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियाने दिवसाढवळ्या जाळलं. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो अजून लागू केलेला नाही. परदेशातल्या सुनावणीत भारतीय अर्जदाराच्या वकिलाला यापेक्षा सोयीचा पुरावा कुठला मिळणार? आणि तो अर्जदाराने बनवलेला नाही.

बदनामीची ओरड करणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. ८ जुलै १९१० ची सावरकरांची मार्सेयची उडी आपण शाळेत अभिमानाने शिकतो. बोटीवरून उडी टाकून फ्रान्सची भूमी गाठायची, याला अर्थ होता तो एवढ्याचसाठी की राजकीय आरोपीला परक्या भूमीवर आश्रयाचा हक्क असतो. फ्रेंच पोलिसाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं, त्यावर फ्रान्समध्ये काहूर उठलं, प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. त्या निकालाबद्दल हळहळणाऱ्यांनी आश्रय या कल्पनेलाच नाक मुरडणं विसंगत आहे. आणि उलट बाजूही आपलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांनी पोलंडची बदनामी केली असं कोल्हापुरात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या मताकडे, म्हणजे हुशार भाच्याकडे, वळलं पाहिजे. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की त्याच्या हातात साधारण ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत कुणीतरी मित्र सुचवतो, आश्रयाचा अर्ज टाक, वर्षं निघतात. इकडे स्टेशनजवळचा कन्सल्टंटही तेच सांगतो, गोष्ट आम्ही लिहून देऊ. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा गोष्टी लिहून देणाऱ्या वकिलांना, त्यांच्या कारकुनांना आणि दुभाष्यांना पकडलं, त्या कारवाईचं नावच ‘ऑपरेशन फिक्शन रायटर’ होतं. एकच गोष्ट पन्नास अर्जांत आली की एक्कावन्नाव्या खऱ्या माणसावर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून खोट्या अर्जाला मी चलाखी म्हणणार नाही, तो सरळ दुसऱ्याच्या जिवावरचा उद्योग आहे. आणि त्यात स्वतःचंही काही फार भलं होत नाही. आश्रय मागितल्यावर त्याच देशाच्या पासपोर्टवर त्याच देशात परत गेलात, तर भीती खरी कशी, असा प्रश्न येतो. आई गेली तरी कळव्याला येता येणार नाही, हे कन्सल्टंटच्या पत्रकात नसतं.

मला सर्वात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच. आश्रय मागायला आधी त्या देशात पोचावं लागतं, आणि पोचायला व्हिसा लागतो. ज्याला व्हिसा मिळतो तो इंजिनीयर, विद्यार्थी, फार तर पत्रकार. रबाळ्याच्या कारखान्यात युनियनचा फॉर्म भरला म्हणून ज्याला ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटलं, किंवा पगाराच्या थकबाकीसाठी पालिकेसमोर बसलेली जी सफाई कामगार बाई यादीतून गळली, त्यांच्यापैकी कुणी टोरांटोच्या सुनावणीत कधी दिसणार नाही. त्यांचा छळ जास्त असतो, कागद कमी असतात आणि पासपोर्ट नसतोच. आश्रयाचा मार्ग छळाच्या प्रमाणात मिळत नाही, ऐपतीच्या प्रमाणात मिळतो. म्हणून तो कितीही न्याय्य असला तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही.

उत्तर कसं दिसतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्याला ठाऊक आहे. ८ ते २७ मे १९७४ रेल्वेचा संप झाला. सुमारे १७ लाख कामगार त्यात होते. सरकारने हजारोंना तुरुंगात टाकलं, नोकऱ्या काढून घेतल्या, रेल्वे वसाहतींतून कुटुंबांना घराबाहेर काढलं. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात ते दिवस अनुभवलेले म्हातारे अजून भेटतात. पुढे आणीबाणी आली आणि गेली. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत कामावर घेतलं गेलं. म्हणजे राजकीय सूडाने गेलेली नोकरी सरकारला परत देता येते. त्यासाठी सत्तांतराची वाट पाहावी लागली ही त्यातली उणीव. तीन वर्षं पगाराशिवाय काढलेल्या घरांचं काय झालं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता मागण्या. जागल्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा लागू करायला नवं विधेयक लागत नाही, केंद्राची अधिसूचना पुरते. तेवढी निघाली पाहिजे. राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा राज्यालाही करता येईल, कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. आणि त्यात मॅनेजर, कंत्राटी, शिकाऊ सगळे आले पाहिजेत. छळवणुकीच्या तक्रारीत अंतरिम आदेश साठ दिवसांत झालाच पाहिजे, नाहीतर त्या दिवसापासून निर्वाह भत्ता चालू झाला पाहिजे. मालकांच्या संघटना म्हणतील की यामुळे प्रत्येक कामचुकार माणूस स्वतःला राजकीय पीडित म्हणवून घेईल. काही जण म्हणवतीलही. म्हणून तर लवकर निकाल मालकाच्याही फायद्याचा आहे. चार वर्षं चाललेल्या खटल्यात कामचुकार कोण आणि पीडित कोण हे दोघांनाही सिद्ध करता येत नाही.

तोवर ज्याच्यावर आज वेळ आली आहे त्याने राजीनाम्यावर सही करू नये. ईमेल, मेमो, स्क्रीनशॉट ऑफिसच्या लॅपटॉपबाहेर जपून ठेवावेत. ९० दिवसांच्या आत तक्रार दाखल करून तिची पोच घ्यावी, पोलिसांत गेल्यास लेखी अर्ज देऊन त्याचीही पोच घ्यावी. जिवाला धोका असेल आणि जायची सोय असेल तर जावं, लाज वाटायचं कारण नाही. ती पोच तिकडेही लागेल.